न तुटलेला बेल्ट

१

मशीनचा मागचा पत्रा काढला आणि मेकॅनिकबाई उकिडव्या बसल्या तशाच बसून राहिल्या. मोटर जागेवर होती. ड्रमची मोठी पुलीही जागेवर होती. त्या दोघींना जोडणारा बेल्ट मात्र नव्हता.

बेल्ट तुटला असता तर नवल नव्हतं. तुटलेला बेल्ट तळाशी वेटोळं होऊन पडलेला असतो. घसरलेला असता तर मोटरच्या खुंटीवर लोंबकळताना दिसला असता. इथे काहीच नव्हतं. टॉर्च मारून सगळे कोपरे पाहिले, हात घालून चाचपलं, पण रबराचा एक तुकडाही हाताला लागला नाही. आणि हा बेल्ट बाराच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः पाकिटातून काढून चढवला होता.

घरची सून मागे उभी होती. ती नर्स होती, आणि तिच्या सांगण्यावरून तिच्या वॉर्डात काम करणाऱ्या निम्म्या जणींनी हीच मेकॅनिक धरली होती. काल तिची सुट्टी होती म्हणून सकाळी तिने स्वतः कपडे टाकले. पाणी भरलं, मोटर गुणगुणली, पण ड्रम जागचा हलला नाही. शेवटी पाणी सोडून देऊन तिने फोन केला. आज आल्या आल्या बाईंनी हाताने ड्रम फिरवून पाहिला तर तो भिंगरीसारखा फिरला. बेल्ट असला की मोटरची थोडी ओढ हाताला लागते. इथे हाताला काहीच लागलं नव्हतं.

"तुटला का?" नर्सने विचारलं.

"तुटला नाही. तो इथे नाहीच."

 नर्सने अगदी मोजून मापून विचारलं की, मागच्या वेळी घाईघाईत काही राहून तर गेलं नव्हतं ना. आवाज सभ्य होता, पण त्यातली शंका बाईंना बरोबर टोचली. बेल्टशिवाय मशीन चालणार कसं, असं त्या म्हणाल्या. दुरुस्तीनंतर ते चाललं की नाही? चाललं, नर्सने कबूल केलं. पहिले तीन दिवस तिने स्वतः लावलं होतं. पुढे तिची सकाळची पाळी सुरू झाली आणि कपड्यांचं सासूबाई बघू लागल्या.

बाईंनी पुढ्यातल्या झाकणात ठेवलेल्या स्क्रूंकडे पाहिलं. पत्र्याला सहा स्क्रू होते. मागच्या वेळी त्यांतला एक मोरीच्या जाळीत पडला, म्हणून त्यांनी आपल्या डबीतला पितळी स्क्रू खाली डाव्या कोपऱ्यात लावला होता. आज तो पितळी स्क्रू वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघाला होता.

"ताई, काय झालं?" नर्स म्हणाली.

"मी गेल्यानंतर हा पत्रा कोणीतरी उघडलाय," बाई सावकाश म्हणाल्या. "बेल्ट काढलाय आणि पत्रा नीट परत लावलाय. आणि मशीन या पॅसेजमधून कुठे गेलेलं नाही. म्हणजे हे काम घरातल्याच कोणाचं तरी आहे."

२

मेकॅनिकबाईंना वॉशिंग मशीनच्या पाठीमागे बसायला लागून अठरा वर्षं झाली होती. त्याआधी एका कारखान्यात त्या मोटरींना तारा गुंडाळायच्या. कारखाना बंद पडला, तारा सुटल्या, पण मोटरी काही सुटल्या नाहीत. त्यांनी मशीनमध्ये मोजे, चाव्या, कवळ्या, एकदा तर चक्क लग्नाची अंगठी सापडलेली पाहिली होती. मशीनमधून काही चोरीला गेल्याचं मात्र आजवर पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना थोडी मजाही वाटू लागली होती. पण मजेखाली काळजी होती. हे कोडं सुटलं नाही, तर 'बाईंनी बेल्ट लावलाच नाही' हे वाक्य वॉर्डभर फिरायला दोन दिवस पुरे होते.

घर लहान आणि लख्ख होतं. स्वयंपाकघर, एक मोठी खोली, पाठीमागे मोरीकडे जाणारा पॅसेज आणि पॅसेजला लागून म्हाताऱ्यांची खोली. माणसं चार. नर्स, लांबच्या मार्गावर बस चालवणारा तिचा नवरा, आणि सासू-सासरे, ज्यांना बाई काका-काकू म्हणायच्या. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान कधीच बंद केलं होतं, पण टेबल घरी आणलं होतं आणि जुनी गिऱ्हाइकं अजून वाट वाकडी करून यायची. मागच्या खेपेला बाई आल्या तेव्हा नर्स कामावर होती, बसवाला गावाला, काका टेबलावर वाकलेले. काकूंनीच दार उघडलं, टॉर्च धरला आणि बेल्ट चढेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

पहिला संशय बसवाल्यावर जाणं साहजिक होतं. घरात काहीही बिघडलं की आधी उघडून पाहायचं आणि मग मेकॅनिकला बोलवायचं, अशी त्याची रीत असल्याचं नर्सनेच सांगितलं. तो सोफ्यावर पाय पसरून बसला होता. सात दिवस सलग गाडी चालवून नुकताच उतरलेला माणूस जसा बसतो तसा.

त्याने विषय गांभीर्याने घेतला आणि थोडा विचार करून उंदीर नेला असेल असं मत दिलं.

"उंदीर पत्रा परत लावत नाही," बाई म्हणाल्या.

तो हसला. आपण परवा रात्रीपर्यंत गाडीवर होतो आणि मशीनला हातही लावलेला नाही, असं त्याने सांगितलं. बाईंनी सहज टीपॉयवरचा रिमोट उचलून उलटा केला. त्याच्या पाठीवरच्या स्क्रूंची डोकी इतकी खरवडली होती की त्यात आता कुठलाच पेचकस बसला नसता. हे कोणाचं काम, हे विचारावंच लागलं नाही. बसवाल्याने ओशाळून मान खाजवली.

मशीनच्या सहा स्क्रूंना मात्र ओरखडाही नव्हता. ते सगळे सारख्या जोराने, हलक्या हाताने आवळलेले होते. ज्याने ते काढले त्याला बारीक स्क्रूशी कसं वागायचं हे चांगलं माहीत होतं.

आणि या घरात बारीक स्क्रूंवर आयुष्य काढलेला माणूस एकच होता. नर्सच्याही मनात तेच आलं असावं. तिने पॅसेजच्या पलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

३

दार वाजवण्याआधी बाईंनी एक गोष्ट केली. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं, त्यामागे कपड्यांचा कचरा अडवणारी जाळी असते. मागच्या वेळी ती त्यांनी धुऊन लावली होती. चार माणसांचे कपडे रोज धुतले तर बारा दिवसांत तिथे मुठीएवढा लगदा साचतो. आज जाळी काढली तर चिमूटभर धागे होते. फार तर तीन दिवसांचे.

म्हणजे मशीन कालपासून बंद नव्हतं. ते नऊ दिवसांपासून बंद होतं. आणि या नऊ दिवसांत नर्सचा पांढरा गणवेश रोज धुतलेला मिळत होता.

हे त्यांनी मनातच ठेवलं आणि दार वाजवलं. उत्तर आलं नाही. काकांना कमी ऐकू येतं, नर्स म्हणाली, आणि तिने दार लोटलं.

काका टेबलाशी बसले होते, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. टेबल लोखंडी कंसांवर भिंतीलाच ठोकलेलं होतं. बाईंनी त्या भिंतीकडे पाहिलं, मग मागे वळून पॅसेजकडे पाहिलं.

काकांना पाहुणे आवडायचे. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि बाई जरा मोठ्याने बोला, असं सांगून ठेवलं. बाईंनी त्यांच्या पेचकसांचं कौतुक केलं. लाकडी ठोकळ्यात ते उतरत्या उंचीने उभे होते. यांनी वॉशिंग मशीनचा स्क्रू निघेल का, असं विचारल्यावर काका दुखावल्यासारखे झाले. सगळ्यात जाड होता तोही मशीनच्या स्क्रूला लावला असता तर टोक मोडून बसला असता. मोठा पेचकस स्वयंपाकघरातल्या खणात असतो आणि तो काकूंच्या ताब्यात, असंही त्यांनी सांगितलं.

मग ते आपणहून बोलू लागले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हातांनी दगा दिला होता. भिंगातून पाहावं तर चिमट्याचं टोक थरथरताना दिसायचं. एकदा केसाएवढी स्प्रिंग उडाली, ती शोधायला दोन दिवस लागले. एका शाळामास्तरणीचं, तिच्या वडिलांचं घड्याळ त्यांनी उघडून ठेवलं होतं आणि ते परत जोडून मिटवायची हिंमत होत नव्हती. आता पुरे, हत्यारं कोणा तरुण कारागिराला देऊन टाकावीत, असं त्यांनी ठरवलंही होतं. ठोकळा पुसून, कागदात बांधून दाराशी ठेवला होता.

"मग?" बाईंनी मोठ्याने विचारलं.

काकांनी उजवा हात पुढे धरला. तो खरंच स्थिर होता.

"नऊ दिवस झाले बघा," ते समाधानाने म्हणाले. "कापरं गेलं ते गेलं. मी दुपारची झोप वाढवली ना, त्याचा गुण."

नऊ दिवस. बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकवला. बेल्ट कोणी नेला हे त्यांना अजून सांगता आलं नसतं, पण तो कशासाठी नेला हे आता कळू लागलं होतं.

४

काकूंनी चहा आणला. काकू बारीक, चटपटीत होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी कप पुढे केला आणि बाईंची नजर त्यांच्या बोटांवर गेली. पेरांवरची कातडी पांढरी पडून भेगाळली होती. नखांच्या कडा सोलल्या होत्या. साबणाच्या पाण्यात रोज तास तास हात बुडवणाऱ्यांचे हात असे होतात. ज्या घरात मशीन चालतं त्या घरात असे हात सहसा दिसत नाहीत.

काकूंनी ती नजर ओळखली आणि हात पदराखाली घेतले.

बाई चहा पिऊन मशीनपाशी परत गेल्या. मागोमाग सगळेच आले. नर्सची आजपासून दुपारची पाळी होती, तिला काय ते कळायला हवं होतं. बसवाल्याला उत्सुकता होती. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाईंनी जाळीचं सांगितलं. मशीन नऊ दिवसांपासून बंद आहे आणि तरीही या घरातले कपडे रोज धुतले गेले आहेत, एवढंच त्या बोलल्या.

नर्सने सासूकडे पाहिलं. काही विचारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बेल्ट मी काढला."

काका दारात उभे होते. त्यांनी कितपत ऐकलं होतं कोण जाणे, पण उघडी पाठ घेऊन उभं असलेलं मशीन त्यांना दिसत होतं आणि बायकोचा चेहराही दिसत होता.

५

 बाईंनी खालच्या आवाजात नाही, चांगल्या मोठ्याने विचारलं, "काका, कसा काढलात?"

काकांनी क्षणभर आत डोकावून पाहिलं. दोन बोल्ट दाखवले. मोटरचे हे बोल्ट सैल केले, मोटर थोडी उचलली, ताण गेला, बेल्ट सुटला, असं त्यांनी सांगितलं. कोणत्याही जाणत्या कारागिराने हेच सांगितलं असतं आणि ते चुकीचंही नव्हतं.

बाईंनी टॉर्च त्या बोल्टांवर धरला. त्यांच्यावर धुळीचा आणि तेलाचा कित्येक वर्षांचा थर जसाच्या तसा होता. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

"काका, तुम्ही खोटं चांगलं बोलता, पण कारागिरासारखं बोलता," बाई म्हणाल्या. बसवाल्याने हसू दाबलं. "हा बेल्ट काढायला बोल्ट सोडावे लागत नाहीत. एका जागी बोटांनी बाहेर ओढून धरायचा आणि मोठी पुली हळूहळू फिरवायची. तो आपोआप उतरतो. चढवायचाही असाच. पण हे न बघता सुचत नाही. मागच्या वेळी मी बेल्ट चढवला तेव्हा माझ्याशेजारी टॉर्च धरून एकच माणूस बसलं होतं."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकांच्या दुकानात तीस वर्षं समोरच्या स्टुलावर बसून घड्याळांची झाकणं उघडून द्यायचं काम काकूंनी केलं होतं, हे नर्सच्या आता लक्षात आलं. स्क्रू न खरवडता काढणारा हात या घरात एक नव्हता, दोन होते.

काकू आत गेल्या आणि बिस्किटांचा गोल डबा घेऊन आल्या. डब्यात धुतलेल्या मऊ फडक्यात गुंडाळलेला बेल्ट होता. जणू एखाद्या घड्याळाचा जिन्नसच.

"आई, पण का?" नर्स म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती गोंधळली होती.

मग काकू बोलल्या. मागच्या खेपेला जुना बेल्ट तुटला आणि मेकॅनिकबाई येईपर्यंत मशीन चार दिवस बंद राहिलं. त्या चार दिवसांत काकांचा हात थरथरला नाही. नवा बेल्ट बसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं. काकूंनी तीन दिवस लक्ष ठेवलं. कपडे पिळायला मशीन जोरात फिरू लागलं की बरोबर तेव्हाच चिमटा हलायचा. मशीन भिंतीच्या या बाजूला, टेबल त्याच भिंतीच्या त्या बाजूला. काकांना मशीनचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्यांना वाटायचं थरथर आपल्या हातात आहे.

"मग सांगायचं ना," बसवाला म्हणाला.

"कोणाला सांगू?" काकू म्हणाल्या. "हिला सांगितलं असतं तर हिने मशीन बंद केलं असतं. बारा तास उभी राहून येते, आणि वर बादली घेऊन बसली असती. यांना सांगितलं असतं तर यांनी टेबल आवरलं असतं. माझ्या घड्याळांपायी सुनेला त्रास नको म्हणाले असते. दोघांनाही मी ओळखते. दुपारी लावावं तर पाणी सकाळीच येतं. म्हटलं, आधी खात्री करून घेऊ, हात खरंच चांगले आहेत की नाहीत. तोवर कपडे मी धुते. ते घड्याळ एकदा मिटलं की बेल्ट परत लावणार होते."

काकांना सगळं ऐकू आलं नव्हतं. पण जेवढं कळायला हवं तेवढं कळलं. ते स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. नर्सने सासूचे हात पदराखालून बाहेर काढले आणि उजेडात धरले, वॉर्डातल्या पेशंटचे धरावेत तसे.

"मग आता काय करायचं?" ती स्वतःशीच म्हणाली. "मशीन ठेवायला दुसरी जागा नाही. टेबलाला दुसरी भिंत नाही."

बाई मात्र तिकडे पाहतच नव्हत्या. काकूंचं बोलणं चालू असतानाच त्यांनी बेल्ट हातात घेऊन बोटांनी उलटवला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

६

बेल्टची एकच कड झिजली होती. तीन दिवसांत. नव्या बेल्टची.

बाईंनी मोठ्या पुलीला दोन्ही हातांनी धरून हलवलं. ती लटकन हलली. थोडीशीच, पण हलली. मग त्यांनी काढून ठेवलेल्या पत्र्याची आतली बाजू पाहिली. एका बाजूला काळ्या रबरी धुळीची बारीक रेघ उमटली होती. अशीच रेघ, चांगली जाड, त्यांनी बारा दिवसांपूर्वी पाहिली होती. पाहिली आणि फडक्याने पुसून टाकली होती. त्या दिवशी त्यांना अजून तीन घरं करायची होती.

गप्प राहणं सोपं होतं. पुलीचं कोणाला कळलं नसतं. बोल्ट आवळला असता, बेल्ट चढवला असता, आणि घरातल्यांनी वर आभार मानले असते. बाईंनी टॉर्च बंद केला.

"या घरात काकूंनी काहीच बिघडवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. जुना बेल्ट तुटला तो वयाने तुटला असं मी धरून चालले. तो का तुटला हे मी बघितलंच नाही. पुलीचा मधला बोल्ट सैल झालाय, भोकही मोठं झालंय. पुली लंगडत फिरते, म्हणून बेल्ट एका कडेने खातो आणि मशीन धक्के देतं. धक्क्यांनी ते सरकत सरकत कडेने भिंतीला जाऊन चिकटलंय. माणसाचे हात थरथरत नव्हते आणि मशीनही मुळात असं थरथरणारं नाही. बेल्ट बदलला, पण आजार तसाच ठेवून मी निघून गेले."

नर्सने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ती म्हणाली, "ताई, आमच्याकडेही होतं असं कधी कधी. सांगणारे मात्र कमी असतात." आणि तिने कामावर फोन करून तासभर उशीर होईल असं कळवलं.

बाई दुकानातून नवी पुली घेऊन आल्या. जुनी काढून दाखवली तर तिचं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं सगळ्यांना दिसलं. काकांनी भिंग लावून ते पाहिलं आणि असं भोक घड्याळात दिसलं तर आपण चाक कसं बदलतो हे समजावून सांगितलं. नवी पुली चढवून बाईंनी बोल्टच्या आट्यांना तो सुटू नये म्हणून लावायच्या चिकट औषधाचा थेंब लावला. बसवाल्याला पुली घट्ट धरायला सांगून बोल्ट आवळला. एवढं काम त्याने चोख केलं. मग बेल्ट. बेल्ट नवाच आणला होता, पण तो चढवायला त्यांनी काकूंना पुढे बोलावलं. काकूंनी आधी तो मोटरच्या खुंटीवर घातला, मग मोठ्या पुलीच्या कडेवर दाबून धरला आणि पुली फिरवली. बेल्ट निमूट जागेवर जाऊन बसला.

शेवटी मशीन भिंतीपासून वीतभर बाजूला ओढलं. चारही पाय फिरवून फिरवून ते असं टेकवलं की कोपऱ्यावर हात दाबला तरी डुगडुगेना.

"काका," बाई मोठ्याने म्हणाल्या, "तुम्ही जा आणि ते मास्तरणीचं घड्याळ मिटवायला घ्या. आम्ही मशीन लावतो. चिमटा हलला की हाक मारा."

काका गेले. नर्सने ओले गणवेश आणि दोन जड चादरी टाकल्या. नुसतं पिळायला लावलं. ड्रम फिरला, वेग वाढला, मशीन एकसुरात गुणगुणू लागलं. बसवाल्याने भिंतीवर तळवा ठेवला आणि मान हलवली. काहीच लागत नव्हतं. सगळे एकेक करून काकांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या पाठीमागे उभे राहिले.

काका वाकलेले होते. चिमट्याच्या टोकाला केसाएवढी स्प्रिंग होती. ती त्यांनी जागेवर टेकवली, बारीक स्क्रू उचलला, बसवला, अर्धा फेरा, आणखी पाव फेरा. एक लहानसं चक्र डुललं आणि डुलत राहिलं. काकांनी ठोके जाणवावेत म्हणून घड्याळ कानामागच्या हाडाला टेकवलं आणि डोळे मिटले. मग झाकण लावलं.

एवढं झाल्यावर त्यांना मागची माणसं दिसली.

"अरे, तुमचं ते मशीन कधी लावणार?" त्यांनी विचारलं. "मी केव्हाचा वाट बघतोय."

काकू त्यांच्या कानाशी वाकल्या. "अहो, लावलं, आणि झालंसुद्धा. कपडे पिळून पाच मिनिटं झाली."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग हातांकडे. मग बराच वेळ बायकोकडे. काही बोलतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं आणि खणातून पुढचं घड्याळ काढलं.

"मग सगळे माझा उजेड अडवून कशाला उभे आहात?" ते म्हणाले. "चादरी वाळत घाला जा."